वच्छलाबाई आणि साबूत गाठ

परवा माझा लॅपटॉप सुरू होईना. दुकानात घेऊन गेलो. काउंटरमागच्या माणसाने बटण दाबलं, काळ्या पडद्याकडे दोन क्षण पाहिलं आणि निकाल दिला, "मदरबोर्ड गेला." माझ्या तोंडून आपसूक निघालं, "गेला ते राहू द्या हो, कुठपर्यंत चांगला आहे ते सांगा." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुरुस्तीला लॅपटॉप नव्हे, मीच आलो आहे.

वाक्य माझं नव्हतंच. ते वच्छलाबाईंचं. भामरागडच्या अलीकडे, नदीपासून हाकेच्या अंतरावर आमची दोन खोल्यांची प्राथमिक शाळा होती. तिथे पहिलीचा वर्ग वच्छलाबाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे आणि उरलेलं सगळं, म्हणजे दुसरी, खिचडी आणि सरकारी कागद, हेडमास्तर मडावी गुरुजींकडे. मी कोल्हापूरकडचा. नोकरी लागल्याच्या आनंदात गडचिरोली जिल्हा नकाशात नीट न बघताच होकार देऊन बसलो होतो. गाडीतून उतरलो तेव्हा सामानात एक गादी, दोन शर्ट आणि संगणकाच्या तीन महिन्यांच्या कोर्सचं प्रमाणपत्र एवढंच होतं. त्या गावात तेव्हा वीजही पाहुण्यासारखी यायची. प्रमाणपत्र मी ट्रंकेच्या तळाशी घातलं.

बाई दिसायला लहानखुऱ्या, आवाजाने मात्र उंच. चाळिशी ओलांडलेल्या. माहेर वैनगंगेच्या काठचं, ढिवरांचं, म्हणजे मासेमारीवर जगणारं घर. नवरा लवकर गेला. तेव्हापासून आई त्यांच्याजवळ. आईला सगळं गाव पारूमाय म्हणायचं. पहिल्या दिवशी बाईंना पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना हाताला काहीतरी झालंय. मनगटापासून कोपरापर्यंत निळं-निळं. जवळून पाहिलं तर बॉलपेनची अक्षरं. वाटेत, विहिरीवर, बाजारात, कुणाच्याही तोंडून गोंडी शब्द ऐकला की बाई तो तिथल्या तिथे हातावर लिहून घेत. आंघोळीच्या आधी वही काढून बसत आणि सगळे शब्द वहीत उतरवत. याला त्या 'हात उतरवणं' म्हणत. पारूमाय बाहेरून ओरडायची, "पाणी थंडं होऊन राह्यलं व! इचा हात म्हंजे वहीच झाली, बाप्पा!"

त्या दोघी नेहमी भांडत. एकमेकींवाचून जेवत मात्र नसत.

बाईंना 'बिघडलं' हा शब्द खपत नसे. एकदा गावातला हातपंप बंद पडला. चार बाप्ये शाळेत आले. "बाई, पंप बिघडला. मेकॅनिकले चिठ्ठी लिहून द्या."

"बिघडला, बिघडला काऊन करून राह्यले? कुठपर्यंत चांगला आहे, ते सांगा ना."

बाईंनी उलटतपासणीच सुरू केली. दांडा हलतो? हलतो. जड लागते का हलका? जडच. पाणी येतच नाही, का उशिरा येते? एकजण म्हणाला, पन्नासेक दांडे मारले की येते थोडं. "मंग झालं तर! खाली पाणी आहे, सळी आहे, दांडा आहे. वायसर झिजलं." वायसर म्हणजे वॉशर; चिठ्ठीत त्यांनी तेवढंच लिहिलं: वायसर घेऊन यावे. मेकॅनिक पहिल्याच खेपेत पंप सुरू करून गेला. नाहीतर तो एका खेपेत पंप बघायचा, दुसऱ्या खेपेत सामान विसरायचा आणि तिसऱ्या खेपेपर्यंत बायका नदीचं पाणी भरायच्या.

हाच प्रयोग त्यांनी माझ्यावरही केला. चार महिन्यांत मी बदलीचा अर्ज लिहिला. कारण काय लिहावं हे कळेना, म्हणून तो बाईंना दाखवला, हे माझं शहाणपण. त्यांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि विचारलं, "सर, दिवसा किती वाजेपर्यंत बरं वाटते तुम्हाले?"

मी विचार केला. खरं सांगायचं तर पोरं शाळेत असेपर्यंत बरं वाटायचं. पाच वाजता ती घरी गेली की जीव नुसता कासावीस व्हायचा.

"म्हंजे पाचपर्यंत तुम्ही साबूत आहात. पाचनंतरचं पाहू."

दुसऱ्या दिवसापासून पाच वाजता मला पारूमायच्या ओसरीवर बसवण्यात आलं. मायजवळ फाटकी जाळी पडलेली असायची. अख्खा गाव तिच्याकडे विणायला आणून टाकायचा. तिने माझ्या हातात बांबूची सुई दिली. मी उत्साहाने भोकाच्या कडेचा लोंबता दोरा दुसऱ्या लोंबत्या दोऱ्याला बांधला. मायने गाठ बघितली आणि एका झटक्यात तोडून टाकली. "मास्तर, फाटलेल्याले फाटलेलं बांधून काय होते? मांगं जा. साबूत गाठ सापडेपर्यंत मांगं जा. तिथून विण." बाई आतून भाकरी थापत ओरडल्या, "ऐकलं का, सर? डी. एड. मध्ये हे नाई शिकवत." मी महिनाभरात बरं जाळं विणू लागलो. बदलीच्या अर्जाचं पुढे काय झालं ते मला आठवत नाही. बहुतेक त्याने चूल पेटली.

आता त्या शब्दांचं सांगतो, कारण बाईंचा सगळा जीव त्यात होता.

पहिलीत येणाऱ्या पोरांच्या घरात गोंडी. पुस्तक मराठी. पोरं येत, बसत आणि गप्प राहत. माझ्या वर्गात गोंगाट, बाईंच्या वर्गात मात्र देवळासारखी शांतता, आणि वरून तपासायला येणारे साहेब त्या शांततेची तारीफ करून जात. बाई तेवढ्या दिवशी जेवत नसत. एक मुलगी होती, रुक्मा. सहा महिने तोंड उघडलं नाही. मुकी आहे, असं रजिस्टरात लिहायची वेळ आली. एक दिवस बाई तिला नदीवर घेऊन गेल्या आणि पाण्यात हात घालून नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या. रुक्मा म्हणाली, "येर." येर म्हणजे पाणी. मग मासा दिसला, ती म्हणाली, "मीन." बाई धावत शाळेत आल्या, कोपरापासून ओल्या. "सर, पोरगी बोलते! पोरगी साबूत आहे! मीन म्हणते ते! पंचांगात मीन चालते, मंग पुस्तकात काऊन नाई चालत?"

त्या दिवसापासून सहा वर्षं बाई पहिलीचं पुस्तक तयार करत होत्या. प्रत्येक धड्यात आधी पोरांचा शब्द, मग मराठीतला. कोणता शब्द कोणत्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, कसा बोलतात, म्हातारी काय म्हणते, पोर काय म्हणतं, सगळं नोंदलेलं. एका पुरात शाळेत पाणी शिरलं आणि बहुतेक वह्यांचा लगदा झाला. जे वाचलं ते, विरत चाललेल्या पानांवरून, बाईंनी एका जुन्या लॅपटॉपवर टाइप करून घेतलं; दुसरी प्रत कुठेच उरली नाही. तो लॅपटॉप त्यांच्या शिकून मोठ्या झालेल्या एका विद्यार्थ्याने स्वतःचा जुना म्हणून दिला होता. टायपिंग मी शिकवलं, हे माझ्या प्रमाणपत्राचं पहिलं सार्थक. एकेका बोटाने त्यांनी दोन उन्हाळे टकटक केली. त्याच हट्टापायी शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी पुस्तक छापायचं मंजूर झालं. अट एकच होती. श्रावणात एक साहेब येतील, त्यांच्याकडे सगळा मजकूर द्यायचा. तो नसेल तर शहरात बसून कुणीतरी केलेली शब्दांची एक तयार यादी होती, तीच छापून मोकळे होणार. ती यादी बाईंनी वर्गात वाचून दाखवली होती. पोरं पोट धरधरून हसली होती. अर्धे शब्द इथे कुणी बोलतच नव्हतं.

त्या वर्षी आषाढात बाईंना प्रशिक्षणासाठी गडचिरोलीला बोलावलं. दहा दिवसांचं प्रशिक्षण, पण पुलावर पाणी चढलं, रस्ते तुटले आणि बाई तीन आठवडे तिकडेच अडकल्या. लॅपटॉप घरी, मायच्या भरवशावर. छप्पर गळायला लागलं तेव्हा मायने तो उचलून घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवला. चुलीच्या वर बांबूची तट्टी बांधलेली असते. तिच्यावर बियाणं असतं, सुकवलेले मासे म्हणजे सुकसी असते, पावसाळ्यात जे जे ओलाव्यापासून वाचवायचं ते ते असतं. त्या तट्टीवर, बियाण्याच्या लाडक्या मडक्याला बाजूला सारून, मायने लॅपटॉप ठेवला. आणि मीही तो तिथे पाहिला होता हो! "बरं केलंस माय, ओल लागणार नाही," असं संगणकाचं प्रमाणपत्र असलेल्या या गृहस्थाने तिला सांगितलं होतं.

पाणी उतरलं आणि बाई डोंग्यातून परत आल्या. त्याच संध्याकाळी निरोप आला, उद्या दुपारी साहेब जीप घेऊन येणार. सकाळी बाईंनी तट्टीवरून लॅपटॉप काढून शाळेत आणला. करडं झाकण चहाच्या रंगाचं झालं होतं आणि त्याला सुकसीचा वास मारत होता. बाईंनी बटण दाबलं. दिवा लागला. आतून पंख्याची घरघर आली. मग तीनदा लांबलचक पीं, पीं, पीं, आणि पडदा काळाच.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

तिथे तज्ज्ञ मीच. मी गंभीरपणे म्हणालो, "बाई, मदरबोर्ड गेला."

"तो कुठी असते?"

मी लॅपटॉप उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"मंग गेला हे कोणं सांगतलं तुम्हाले? बसा." बाईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज वर्गातलाच होता. त्यांनी पाटी घेतली आणि एकाखाली एक लिहिलं: बटण, दिवा, पंखा, आवाज, पडदा. "दिवा लागते, म्हंजे बॅटरीत जीव आहे. पंखा फिरते, म्हंजे तिथवर साबूत." दिवा आणि पंखा यांच्यापुढे बरोबरची खूण झाली. मग त्यांनी टॉर्च पडद्यावर तिरपा धरला. मागे अंधुक का होईना, काही उमटलंय का? काही नाही. मला म्हणाल्या, ते मोठ्या अक्षरांचं कॅप्स लॉक बटण दाबा, त्याचा बारका दिवा लागते नेहमी. दाबलं. लागला नाही. "म्हंजे पडदा बिचारा चांगलाच असंन. त्याच्यापर्यंत निरोपच गेला नाई. साबूत गाठ पंख्यापाशी आहे, सर. पंखा आणि पडदा याच्या मधात काय असते?"

मी डोळे मिटले. कोर्सच्या वर्गातली ती कोंदट खोली आठवली, फळा आठवला. आणि अख्ख्या तीन महिन्यांतली एक ओळ वर आली. "बाई! सुरू झाल्यावर तो सगळ्यात आधी स्वतःची मेमरी शोधतो. सापडली नाही तर ओरडतो."

"ओरडूनच तर राह्यला तो!" बाईंनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की चष्मा खाली आला. "आलं बाप्पा, सर्टिफिकेट कामाले आलं!"

तेवढ्यात बॅटरीचा दिवा नारिंगी होऊन लुकलुकायला लागला. गावात आठवड्यापासून वीज नव्हती. खांबच वाहून गेला होता. म्हणजे आता फार तर एकदा बटण दाबता येणार होतं. घड्याळात अकरा वाजले होते. दारात पारूमाय उभी होती. तिला सगळं कळलं नव्हतं, पण जेवढं कळायला हवं तेवढं कळलं होतं.

"म्याच मारलं का व त्याले? म्याच ठेवलं तिथी."

बाईंच्या जागी मी असतो तर तिच्याकडे वळूनही पाहिलं नसतं, इतका जीव टांगणीला लागला होता. बाईंनी हातातली पाटी खाली ठेवली. उठल्या, आईला हात धरून आत आणलं, आपल्या बाजूला बसवलं. "बीज जपते तसं जपलं तू त्याले, माय. बिजाले धूर मानवते, याले नाई मानवत, येवढंच. तुले कोणं सांगतलं होतं काय? हा मास्तर होता शिकलेला, त्यानं बी नाई सांगतलं." मी मान खाली घातली. माय मात्र हसली, आणि बाईंना तेच हवं होतं.

मग शिलाई मशीनच्या पेचकसाने त्यांनी बॅटरी काढली, लॅपटॉप उलटा केला आणि पोटाखालच्या झाकणाचा स्क्रू सोडवला. आत बोटभर लांबीची एक हिरवी पट्टी, तीच मेमरी. दोन्ही बाजूच्या चिमट्या सारल्या तशी ती टुणकन वर आली. तिच्या कडेला सोनेरी दातांची ओळ असायला हवी होती. होती, पण मिश्री लावल्यासारखी तपकिरी. बाईंनी बोट लावून हुंगलं. "सुकसीचा धूर. तेलकट आहे."

"ओल्या फडक्यानं पुसू?" मी.

"राखेनं घास," माय. "भांडे निंगतात राखेनं."

"तुम्ही दोघं बी चूप बसा." बाई कपाटापाशी गेल्या. पहिलीच्या पोरांचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून कोरा, पांढरा खोडरबर निवडून आणला. पहिलीची वही कागद न फाडता कशी पुसायची, हे वीस वर्षं केलेलं काम. तीच बोटं त्या दातांवरून अलगद फिरू लागली. एक बाजू, मग दुसरी. रबराचा कीस तपकिरी पडत गेला आणि दात एकेक करत पिवळे उजळत गेले. पट्टी बसते त्या खाचेतही त्यांनी कोऱ्या कागदाची कडा हलक्या हाताने फिरवली. कीस झटकला. पट्टी खाचेत दाबली. टक असा आवाज आला.

बॅटरी बसवली. मायने डोळे मिटून घेतले. मडावी गुरुजी कधी येऊन मागे उभे राहिले होते कळलंच नाही.

बाईंनी बटण दाबलं.

दिवा. पंखा. मग काहीच नाही; एकसुद्धा पीं नाही. आणि पडदा उजळला. निळसर उजेड बाईंच्या तोंडावर पडला, आणि त्या बाईने, जिला मी सहा वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, तिने पदर तोंडाला लावला. लगेच काढलाही. "पेनड्राइव्ह! सर, पेनड्राइव्ह आणा, झोपून गेले का?" मी खिशातच घेऊन बसलो होतो. सगळे धडे, सगळे शब्द, टोल्या-टोल्यांच्या नोंदी, मिनिटभरात उतरल्या. मी फाइल उघडून पहिला धडा दाखवला. माय पुढे वाकली. तिला अक्षर येत नव्हतं, पण पडद्यावर पाण्याचं चित्र होतं. "येर," ती म्हणाली. त्यानंतर दोनेक मिनिटांत बॅटरी संपून पडदा विझला आणि कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

बाई उठल्या, सरळ व्हरांड्यात गेल्या आणि शाळेची घंटा बडवायला लागल्या. पोरं सुट्टी झाली समजून दप्तरं घेऊन पळाली. गुरुजी म्हणाले, "बाई, अजून तर साडेअकराच होऊन राह्यले." बाई म्हणाल्या, "मंग द्या ना सुट्टी!" आणि गुरुजींनी खरंच दिली.

साहेब दोनच्या सुमारास चिखलाने माखून आले. बाईंनी त्यांना पेनड्राइव्ह दिला, वर मायच्या हातचा माशाचा रस्सा आणि भात. जाता जाता साहेबांनी विचारलं, "सगळं व्यवस्थित आहे ना? काही अडचण?"

"नाई जी," बाई म्हणाल्या. "थोडंसं पुसावं लागलं."

पुस्तक पुढच्या जूनमध्ये आलं. पातळसं, मुखपृष्ठावर नदी. बाईंचं नाव आतल्या पानावर बारीक अक्षरात होतं आणि त्यातही काना चुकला होता. बाईंनी ते पान उलटून पुढचं उघडलं. त्याच महिन्यात माझी बदली झाली, न मागता. निघायच्या दिवशी बाईंचा निरोप घ्यायला त्यांच्या वर्गाकडे गेलो, तर मडावी गुरुजी कानावर हात ठेवून दारात उभे. आत पहिलीची तीस पोरं एकाच वेळी बोलत होती. पुस्तकातल्या चित्रांवर बोटं ठेवून भांडत होती, आमच्या घरी असं म्हणतात, नाही, तसं म्हणतात. बाकावर उभं राहून एक पोरगी आख्ख्या वर्गाला काहीतरी दटावून सांगत होती. बाई मधोमध उभ्या होत्या, दोन्ही हात पुन्हा कोपरापर्यंत निळे, आणि लिहायला जागा उरली नव्हती म्हणून तळहातावर लिहून घेत होत्या.

"बाई," गुरुजी ओरडले, "वर्ग आवरा जरा! दुसरीच्या पोट्ट्याईले काई आयकू येऊन नाई राह्यलं!"

बाईंनी वर पाहिलं. मी हात केला, पण मी त्यांना दिसलो की नाही कोण जाणे.

"नाई आवरत, गुरुजी," त्या त्या गलक्यावर आवाज चढवून म्हणाल्या. "हा कल्ला ऐकाले मी सात वर्सं थांबली!"